कंपवात आणि मेंदूचे पोषण

वडीलधाऱ्यांचा हात कापू लागला की आपण ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देतो. परंतु कंपवातात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत असतात. त्यांना जगविणारे ‘जीडीएनएफ’ हे प्रथिन १९९३ साली सापडले. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून ब्रिस्टल येथे मेंदूत बारीक नळ्या बसवून दर चार आठवड्यांनी दिले गेले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मेंदूच्या चित्रांत सुधारणा दिसली, पण हालचालींत खोट्या औषधाहून निश्चित फरक नव्हता. योग्य मात्रेचा प्रश्न उरलाच.

तेव्हा बऱ्हाणपुरातील आपल्या कुटुंबांना आम्ही इतकेच सुचवितो : पेशी वाचविण्याचे इंजेक्शन कोणी विकू लागल्यास भुलू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याविना लेव्होडोपाची गोळी थांबवू नये.