हंगामापूर्वीचे सहा आठवडे : तरुण कबड्डीपटूंचे गुडघे सांभाळा

भाताची कापणी आणि झोडणी उरकली, की मावळातल्या गावागावांत कबड्डीची मैदाने आखली जातात. लोणावळ्यापासून कामशेत, वडगाव, तळेगावपर्यंत संध्याकाळी दिव्याखाली मुले जमू लागतात. यंदा संघात कोण, चढाईला कोण, कोपऱ्यात कोण, नव्या पोरांत दम कुणाचा, याची चर्चा पारावर रंगते. ही चर्चा मला आवडते. परंतु याच दिवसांत माझ्या दवाखान्यात सुजलेले गुडघे घेऊन येणाऱ्या मुलांची संख्या वाढते, आणि त्यांतील बहुतेक मुले संघाची 'उद्याची आशा' असतात. म्हणून आजच्या लेखात हंगामापूर्वीच्या तयारीचा विचार करू.

आपल्याकडे पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. जूनपासून मैदाने चिखलात असतात. मुले लावणीच्या, बेणणीच्या कामात असतात किंवा घरात बसून असतात. शेतीचे कष्ट म्हणजे मोठा व्यायाम हे खरे. पण वाकून रोपे लावणे वेगळे आणि पळता पळता एका पायावर गर्रकन वळणे वेगळे. चार महिने ज्या स्नायूंनी हे वळणे केलेले नाही, त्यांच्याकडून पहिल्याच आठवड्यात सामन्याचा वेग मागितला जातो. दुखापतीचे मूळ बहुधा इथेच असते.

परदेशात काय करतात?

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटसारखा लोकप्रिय आहे. तिथे मुख्य हंगामापूर्वी, फेब्रुवारीच्या मध्यापासून सुमारे सहा आठवडे, सर्व तीस व्यावसायिक संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उबदार राज्यांत सरावासाठी जातात. मुख्य संघात जागा २६ खेळाडूंना, पण शिबिराला त्याच्या दुपटीहून अधिक बोलावले जातात. त्यांत नवी मुले पुष्कळ असतात. सर्वांत आधी येतात ते चेंडू फेकणारे आणि तो झेलणारे. कारण फेकणाऱ्याच्या खांद्याला व कोपराला पूर्ण वेगाची सवय हळूहळूच करावी लागते. तिथल्या लहान मुलांच्या 'लिटल लीग'मध्ये २००७ पासून एका दिवसात किती चेंडू फेकायचे याला वयानुसार मर्यादा आहे. ११-१२ वर्षांच्या मुलासाठी ती ८५ आहे. मुलगा कितीही चांगला फेकत असो, आकडा भरला की त्याने थांबायचे.

यात शिकण्यासारखे हे, की निवड करण्याआधी शरीर तयार करण्यास वेळ दिला जातो, आणि गुणवान मुलाला जास्त जपले जाते. आपल्याकडे नेमके उलटे होते. जो पोरगा चांगला, त्याच्याच चढाया जास्त, त्यालाच तीन गावांच्या संघांचे बोलावणे, आणि दुखत असले तरी त्यालाच उतरवायचे.

पुण्याच्या संघाचे उदाहरण

फार लांब जायला नको. प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटण हा तरुण खेळाडूंवर भिस्त ठेवणारा संघ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तो प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. पण अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन प्रमुख तरुण खेळाडू दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हते. जयपूरने तो सामना ३३-२९ असा जिंकला. पुढच्या हंगामात हे दोघे उभे होते, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. नंतर २०२४ च्या अखेरच्या हंगामात कर्णधार अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. २०२५ मध्ये तो परतला आणि संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला. तेथे दिल्लीने बाजी मारली.

सारे यशापयश एका गुडघ्यावर ठरले असे मी म्हणणार नाही. खेळात अनेक गोष्टी असतात. पण ज्या संघाकडे स्वतःचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट असतात, त्यालाही दुखापतीचा असा फटका बसतो, तर गावच्या मंडळाने किती जपावे, याचा विचार करावा.

गुडघ्यात नेमके काय होते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडणारी, करंगळीएवढ्या जाडीची एक दोरी गुडघ्याच्या आत तिरकी बसलेली असते. डॉक्टर तिला एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघ्यावर पीळ पडू नये, हे तिचे काम. चढाईपटू धावत येऊन एकदम थांबतो, पाऊल जमिनीत रुततो आणि अंग वळवतो. किंवा मागून मांडीपकड होते आणि पाय खाली अडकलेला असतो. अशा क्षणी गुडघा आतल्या बाजूस वाकला तर ही दोरी तुटू शकते. मॅटवर रबरी तळाचे बूट घट्ट पकडतात, म्हणून मातीवर खेळणाऱ्या मुलाने मॅटवर जाताना पहिले काही दिवस वेग कमी ठेवावा. किशोरवयीन मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातील मुलांपेक्षा अधिक आढळते. मुलींच्या संघांनी विशेष लक्ष द्यावे.

लक्षणे ध्यानात ठेवा. आतून 'कट्' असा आवाज किंवा जाणीव, काही तासांतच गुडघा टम्म सुजणे, आणि नंतर चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटणे. यांतील दोन गोष्टी असल्या तर तो 'साधा मुरगळा' समजू नये. खेळ ताबडतोब थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. तेल लावून चोळणे, पाय ओढून 'बसवणे', गरम शेक हे पहिले दोन-तीन दिवस अजिबात नको. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे, गरज असल्यास ते एमआरआय करवतात.

तुटलेली दोरी बहुधा पूर्वीसारखी आपोआप जुळत नाही. ज्याला पुन्हा कबड्डी खेळायची आहे त्याला सहसा शस्त्रक्रिया सुचवली जाते, आणि त्यानंतर निदान नऊ महिने मैदान वर्ज्य. घाईने परतणाऱ्या तरुणांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण मोठे आहे. पंचविशीच्या आतील परतलेल्या खेळाडूंत साधारण चार-पाचांत एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची दुखापत होते. सतरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष जाणे म्हणजे एका वयोगटाची संधी जाणे होय.

११ ते १५ वर्षांच्या वाढत्या मुलांत आणखी एक तक्रार दिसते. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा येतो. तो वाढीच्या हाडावर ताण पडल्याचा परिणाम आहे. घाबरू नये, पण दुखत असताना उड्या आणि बैठका कमी कराव्यात. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचे दुखणे जाते.

शिबिरापूर्वीची तपासणी

संघात घेण्याआधी प्रत्येक मुलामुलीला डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्या वेळी पुढील गोष्टी न लपवता सांगाव्यात.

१) खेळताना कधी चक्कर येऊन पडला आहे का? छातीत दुखते का? घराण्यात कुणी तरुण वयात अचानक दगावले आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय खेळू नये.

२) रक्तातील हिमोग्लोबिन. महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींत रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. जी मुलगी 'आळशी' वाटते, तिचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असू शकते.

३) धनुर्वाताची लस. मातीवर खरचटणे रोजचेच. १० व १६ व्या वर्षी द्यायची टीडीची मात्रा झाली आहे का, ते पाहावे. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

४) पायांची परीक्षा. ही प्रशिक्षकही घेऊ शकतात. एका पायावर तीस सेकंद तोल राहतो का? एका पायावर अर्धी बैठक मारताना गुडघा आत झुकतो का? एका पायावर लांब उडी मारली असता दोन्ही पायांत मोठा फरक पडतो का? जिथे दोष दिसेल तिथे आधी ताकद वाढवावी, मग चढाया.

सहा आठवडे कसे वापरावेत?

पहिले दोन आठवडे : भरभर चालणे, हलके धावणे, दंड-बैठका. या काळात पकडी नकोत. पहिल्याच रविवारी सगळ्यांना लोहगडावर पळवत नेण्याची हौस टाळावी. चढण दमवते, पण गुडघ्यावर खरा भार पडतो तो उतरताना.

तिसरा व चौथा आठवडा : मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून दोन्ही गुडघे वाकवत हळुवार उतरणे, अर्ध्या वेगाने दिशा बदलणे. उतरताना गुडघा पायाच्या अंगठ्याच्या आत जाता कामा नये, एवढे एकच सूत्र प्रशिक्षकांनी सतत बजावावे.

पाचवा आठवडा : पकडी, घोटा सोडवणे, साखळी, मर्यादित चढाया. चांगल्या चढाईपटूच्या चढाया मोजाव्यात आणि एका दिवसात एकदम दुप्पट करू नयेत.

सहावा आठवडा : सराव सामने. स्पर्धेआधीचे दोन दिवस हलके.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती आणि रात्री आठ तासांहून कमी झोप नाही. प्रत्येक सरावापूर्वी पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करणे सक्तीचे असावे. फुटबॉलसाठी आखलेल्या अशाच वीस मिनिटांच्या व्यायामक्रमाचा नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर अभ्यास झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. त्याला ना यंत्र लागते, ना पैसा.

योगासनांचे काय, असे पालक विचारतात. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे स्वतः बडोद्याच्या राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात तयार झालेले. व्यायाम आणि योग यांचे वैर नाही, हे त्यांच्या चरित्रावरूनच दिसते. मात्र थंड अंगाने बराच वेळ ताण देणारी आसने खेळाआधी न करता खेळानंतर करावीत. शेवटी पाच मिनिटे शवासन आणि संथ श्वसन.

वजन, पाणी आणि गोळ्या

कबड्डीत वयोगटाबरोबर वजनाचीही अट असते. वजन द्यायच्या आदल्या दिवशी उपाशी राहणे, पाणी न पिणे, प्लॅस्टिकचे जाकीट घालून पळणे हे प्रकार मुले एकमेकांकडून शिकतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर असेच झटपट वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रात्रभर धडपडूनही विनेश फोगट शंभर ग्रॅमने अपात्र ठरली आणि पाणी कमी झाल्याने तिला रुग्णालयात न्यावे लागले, हे सर्वांना आठवत असेलच. वजन कमी करायचे तर शिबिराच्या पहिल्या दिवसापासून, आठवड्याला अर्धा किलो एवढेच. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन गटात बसत नसेल तर त्याला वरच्या गटात खेळवावे.

खाण्यासाठी खर्चिक डबे नकोत. इंद्रायणीचा भात किंवा भाकरी, उसळ, डाळ, दूध, अंडी, हिरवी भाजी पुरे. सरावानंतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा आपल्या गावची चिक्की, उत्तम. थंडी असली तरी पाणी प्यावे; लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे.

दुखण्याच्या गोळ्यांविषयी स्पष्ट सांगतो. "डॉक्टर, रविवारी सिलेक्शन आहे, एक इंजेक्शन द्या, मग महिनाभर आराम करतो," अशी विनवणी मी अनेकदा ऐकली आहे. मी ती मान्य करत नाही. वेदना हा पहारेकरी आहे. त्याला झोपवून मैदानात उतरले, तर अर्धवट फाटलेली दोरी पूर्ण तुटल्याचे सामना संपल्यावरच कळते. शिवाय उपाशीपोटी आणि कमी पाण्यात घेतलेल्या या गोळ्या जठर व मूत्रपिंडालाही अपाय करतात.

मंडळांना विनंती

स्पर्धेच्या बक्षिसांसाठी वर्गणी काढताना बर्फाची पेटी, क्रेप बँडेज, स्ट्रेचर आणि जवळच्या रुग्णवाहिकेची सोय यांसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. दुखापत झालेला मुलगा मैदानाबाहेर आला की 'परत जायचे की नाही' हा निर्णय त्याच्यावर, त्याच्या मित्रांवर किंवा प्रेक्षकांवर सोडू नये. तो एकाच जबाबदार माणसाने घ्यावा, आणि शंका असेल तेव्हा उत्तर 'नाही' असावे.

यंदाच्या संघाची यादी करताना प्रत्येक नावापुढे गुणांबरोबर आणखी एक रकाना आखा : शरीर तयार आहे का? ज्याच्यापुढे अजून 'नाही' आहे, त्याला संघातून काढू नका. त्याला आणखी चार आठवडे द्या. सोळा वर्षांच्या मुलाला खेळायला अजून पुष्कळ हंगाम बाकी आहेत. ते त्याला मिळावेत, हे पाहणे आपल्या हातात आहे.