मित्राच्या सातबारावर आपली जमीन

प्रश्न : मी नोकरीतून निवृत्त झालो आहे. गावाकडे एकरभर जमीन घेऊन लहानसे घर बांधावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे; परंतु मी शेतकरी नसल्याने खरेदीखत होणार नाही, असे सांगतात. असा कायदा आजच्या काळात निरर्थक नव्हे काय? माझा बालमित्र शेतकरी आहे. त्याच्या नावाने जमीन घेतली तर चालेल काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण कायद्याच्या औचित्याविषयी विचारले आहे, विचारावयास हवे होते ते हे, की आयुष्यभराची पुंजी ज्या जमिनीत घालावयाची ती शेवटी आपली राहील काय.

प्रथम कायद्याविषयी. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी कर्जाने गांजलेल्या कुणब्यांचा जो उद्रेक झाला, आणि जो पसरत जाऊन गावोगाव सावकारांकडील कर्जाची खते जाळण्यात आली, त्याचे मूळ जमीन कसणाऱ्याच्या हातून निसटत होती यात होते. 1948 च्या कूळकायद्याने आणि पुढे 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कुळाला मालकी दिली. ती पैसेवाल्याने पुन्हा विकत घेऊन त्याच कुळाला मजूर करू नये, म्हणून कूळकायद्याच्या कलम 63 चा हा बांध आहे. तो आज जाचक वाटत असल्यास विधिमंडळाने त्याचा विचार करावा. आपण तो चोरवाटेने ओलांडू नये.

आता मित्राच्या नावाविषयी. पैसे एकाचे आणि दस्त दुसऱ्याच्या नावे, हा बेनामी व्यवहार होय. 1988 च्या बेनामी कायद्यान्वये खऱ्या मालकाला त्या जमिनीवर दावाच लावता येत नाही. जमीन सरकारजमा होऊ शकते आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर एक ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. मित्र प्रामाणिक आहे, हे मी मान्य करतो. परंतु मित्र मर्त्य आहे. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अशाच जमिनीत विहीर खणली, कलमे लावली, आणि प्रत्येक खर्चाची पावती तारीखवार वहीत चिकटवून ठेवली. मित्र वारला, वारसांचा फेरफार रीतसर मंजूर झाला, मुलांनी फाटकाला कुलूप घातले. ती वही त्या गृहस्थांनी माझ्यासमोर उघडली तेव्हा मला सांगावे लागले, की यातील प्रत्येक पावती व्यवहार बेनामी असल्याचाच पुरावा आहे. मित्राकडून करारनामा लिहून घेतल्यानेही हेच होते.

बनावट शेतकरी दाखल्याचा विचारही करू नये. साठेखत व मुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली हे स्पष्ट केले आहे.

आपल्या वडिलांच्या वा आजोबांच्या नावे कोठे शेतजमीन होती काय, आणि वारस म्हणून आपले नाव सातबारावर लागावयाचे राहिले आहे काय, हे प्रथम तलाठ्याकडे पाहावे. नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मार्ग आपणास लागू पडतो काय, हे वकिलाकडून समजून घ्यावे. परंतु आपणास हवे आहे ते घर. त्यासाठी रीतसर बिनशेती परवानगी व मंजूर रेखांकन असलेला भूखंड पुरे आहे. तो एकराहून पुष्कळ लहान असेल; पण त्याच्या दस्तावर आपले स्वतःचे नाव असेल.