टेनरच्या रांगेतून

पुण्यात लहानपणी गाणं शिकलो ते तानपुऱ्याजवळ बसून. नोकरी लागल्यावर एका मित्राच्या आग्रहाखातर कॉयरमध्ये गेलो, टेनरच्या रांगेत उभा राहिलो आणि तिथलाच झालो. मराठी घरांत या आवाजाची ओळख फारशी नसते. ज्यांना असते, त्यांनी पावारोत्तीचं नाव ऐकलेलं असतं आणि टेनर म्हणजे रंगमंचावरचा उंच आवाजाचा नायक एवढंच ठाऊक असतं. रांगेत उभं राहून जे कळलं ते याहून बरंच वेगळं आहे.

1. आवाज किती चढतो यापेक्षा तो कुठे रमतो ते पाहा.

कॉयरमध्ये वरून खाली चार भाग असतात: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. टेनरला साधारण पियानोच्या मधल्या सीच्या एक सप्तक खालच्या सीपासून वरच्या एपर्यंत, म्हणजे 440 हर्ट्‌झपर्यंत, गावं लागतं. आपल्या हिशेबात सांगायचं तर काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र निषाद ते तार सप्तकातला कोमल धैवत. इथवर पोचणारे गळे आपल्याकडे कमी नाहीत. पण तार पंचमाला एकदा स्पर्श करून परतणं निराळं आणि त्याच्या आसपास दोन-तीन पानं राहून प्रत्येक शब्द स्वच्छ म्हणणं निराळं. बहुतेक पुरुषांचा आवाज मधला, बॅरिटोन असतो. त्यांना ओढूनताणून टेनरमध्ये बसवलं की वर्षभरात गळा बसतो. जाणकार शिक्षक म्हणूनच पट्टी मोजत बसत नाही, गाणारा दमतो कुठे ते पाहतो.

2. षड्ज हलतो, तुम्ही हलू नका.

तानपुऱ्याजवळ वाढलेल्या माणसाला हे सगळ्यात अवघड जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत तो घरच्यासारखा जागेवर असतो. कॉयरमध्ये टेनरच्या वाट्याला कितीदा तरी एकच सूर येतो आणि भोवतालचे हलत राहतात. समजा तुम्ही सी धरून उभे आहात. खाली बासनेही सी लावला तर तुमचा सूर षड्ज. बास एफवर गेला की तोच सूर पंचम होतो, ए-फ्लॅटवर गेला की गंधार. तुम्ही तसूभरही सरकलेला नसता, पण नातं बदललेलं असतं आणि त्या नात्याप्रमाणे सुराला केसभर सावरून घ्यावं लागतं.

इथे तानपुऱ्याची तालीम कामी येते. खर्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा स्वयंभू गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. पियानो बंद करून चांगला कॉयर गायला लागला की तोही त्याच गंधाराकडे झुकतो. ज्याच्या कानात तो आधीपासून मुरलेला आहे, त्याला कुणी सांगावं लागत नाही. आपल्या गाण्याचे संस्कार कॉयरमध्ये आड येतात असं म्हणणाऱ्यांनी ही एक गोष्ट नीट ऐकून पाहावी.

3. नावातच काम सांगितलेलं आहे.

लॅटिनमध्ये ‘टेनेरे’ म्हणजे धरणं. बाराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र दाममध्ये लेओनँ आणि पेरोतँ या रचनाकारांच्या काळात प्रार्थनेची जुनी चाल एक जण लांबलचक सुरांत धरून ठेवायचा आणि बाकीचे तिच्यावर नक्षीकाम करायचे. धरणारा तो टेनर. तेव्हा हा बहुधा सगळ्यात खालचा भाग होता. पुढे त्याच्याखाली आणखी एक भाग आला आणि टेनर मधे सापडला.

आमच्या बँकेत परकीय चलन विभागात हाच शब्द दिवसभर कानावर पडायचा. बिल ऑफ लॅडिंगच्या तारखेपासून 90 दिवस, हा हुंडीचा टेनर, म्हणजे मुदत. मूळ तेच. आणि पुण्यातल्या गुरुवार पेठेत, चहाच्या ग्रामण्यामुळे आपल्याला माहीत असलेल्या पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयात, आठ घंटांचा संच आहे. इंग्लिश पद्धतीच्या अशा संचात सगळ्यात जड, सगळ्यात खालच्या सुराची घंटा टेनर म्हणवते. आठ घंटांच्या वादनाचा एक प्रकार असा आहे की सात घंटांचा क्रम फेरीगणिक बदलतो आणि टेनर दर वेळी शेवटीच पडते. तिच्या ठोक्यावर बाकीच्या सात जणी आपली जागा ओळखतात. रांगेतल्या टेनरचं काम मला याहून नेमकं कुणी समजावलेलं नाही.

4. वरची टीप जोरावर काढू नका.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टेनर वरचे सूर हलक्या, डोक्यात घुमणाऱ्या आवाजात घेत. 1837 मध्ये पॅरिसला जिल्बेर द्युप्रे याने रोसिनीच्या ‘विल्यम टेल’मध्ये वरचा सी भरदार छातीच्या आवाजात लावला. श्रोते वेडे झाले. खुद्द रोसिनीला तो मुळीच आवडला नाही. तेव्हापासून जगभरचे टेनर त्या सुरामागे लागले आहेत. मधल्या सीच्या वर, ई आणि एफ-शार्पच्या आसपास पुरुषाचा आवाज वळण घेतो. तिथे जोर कमी करून वाट बदलायची असते. कंठ नुकताच फुटलेल्या मुलांना तर वर चढायला लावूच नये. नाट्यसंगीताच्या स्पर्धांत टिपेला टाळ्या पडतात म्हणून पोरांचे गळे ताणले जाताना पाहिले की फार वाईट वाटतं.

5. जुनं ऐका.

1902 च्या एप्रिलमध्ये फ्रेड गाइसबर्गने मिलानच्या हॉटेलातल्या खोलीत एन्रिको कारुसोचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्याच वर्षी तोच गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. दोन्ही आज सहज ऐकायला मिळतात. खरखरीतूनही कारुसोचा श्वास कुठे संपतो ते ऐकू येतं. तेवढ्यासाठी तरी ऐका.

6. तानेची तयारी फुकट जात नाही.

हँडलच्या ‘मेसाया’त वाद्यांची नांदी संपली की पहिला मानवी आवाज येतो तो एकट्या टेनरचा. लगेच पुढच्या गाण्यात एकाच शब्दावर त्याला लांबच लांब धाव घ्यावी लागते, प्रत्येक सूर सुटा, श्वास एक. आकाराचा रियाज केलेल्याने ती जागा पाहिली की ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. फक्त ‘अ’ पालटू द्यायचा नाही आणि मींड टाळायची.

7. स्वरलिपी शिका, घाबरू नका.

टेनरचे सूर ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात. चिन्हाखाली बारीक 8 चा आकडा असतो, म्हणजे लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली गायचं. एवढं कळलं की पान वाचायला बसता येतं.

मुंबई, पुणे, गोवा, तिन्हीकडे हौशी कॉयर आहेत आणि नाताळाच्या तयारीच्या दिवसांत ते नवे आवाज शोधत असतात. बायकांची रांग भरलेली असते, बासही मिळतात, टेनर मिळत नाहीत. तुमचा गळा वर रमत असेल आणि सुराची ओढ असेल, तर धर्म, भाषा, वय काही आड येऊ न देता एकदा सरावाला जाऊन या.