कापराची डबी आणि संग्रहालयाचे कपाट

सातारा जिल्ह्यातील एका गृहस्थांनी गेल्या वर्षी पत्र पाठवून मला आपली चिंता कळविली. त्यांची कन्या रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात असून, औषधांच्या कारखान्यात नोकरी धरण्याऐवजी संग्रहालयांतील प्लॅस्टिकच्या वस्तूंचा क्षय ओळखण्याची विद्या शिकावी असे तिच्या मनाने घेतले होते. प्लॅस्टिक नष्ट होत नाही ही तक्रार तर आपण रोज ऐकतो, मग त्याच्या जतनासाठी पगार देऊन माणूस कोण नेमणार, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त आहे, आणि अनेक पालकांच्या मनात तो असणार, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावयास हवे.

उकिरड्यावरील पिशवीचे तुकडे झाले तरी तिचे द्रव्य मातीत राहते, हे खरे. परंतु संग्रहालयाला वस्तूची आकृती, रंग आणि पोत यांचे मोल असते, आणि ही तिन्ही कधीकधी एका पिढीच्या आतच हातची जातात. १८७०च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर यांच्या मिश्रणातून सेल्युलॉइड सिद्ध केले. त्याच्या फण्या, बाहुल्या, चष्म्यांच्या चौकटी आणि पुढे चित्रपटांच्या फिती साऱ्या जगभर पसरल्या. कापूर उघडा ठेवला तर उडून जातो म्हणून आपल्या आज्या त्याची डबी घट्ट लावीत आणि आत चार मिरे टाकीत. सेल्युलॉइडमधील कापूरही असाच हळूहळू उडतो, वस्तू आकसते व तिच्या अंगावर सूक्ष्म तड्यांचे जाळे उमटते. मात्र येथे डबी घट्ट लावण्याचा उपाय घातक ठरतो. कारण नायट्रेट विघटित होताना जे वायू सुटतात त्यांचे दमट हवेत आम्ल होते, आणि ते आम्ल आत कोंडले गेले म्हणजे मूळ विघटनालाच अधिक वेग येतो, शेजारच्या धातूवर हिरवा गंज चढतो, आणि एका वस्तूचा रोग साऱ्या कपाटाला लागतो. म्हणून अशी वस्तू थंड, कोरड्या व हवेशीर जागी, इतरांपासून वेगळी ठेवण्याची तजवीज करावी लागते. हे द्रव्य अतिशय ज्वालाग्राहीही आहे. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा आगीत भस्मसात झाला, आणि त्यातील जे गेले ते पुन्हा पाहावयास मिळणे नाही.

नायट्रेटची जागा घेणारे सेल्युलोज ॲसिटेट सुरक्षित समजले गेले. त्याचा क्षय मात्र वासावरून कळतो, कारण त्यातून शिरक्याचे आम्ल सुटते. ट्रायॲसिटेटच्या फिती १९४८मध्ये बाजारात आल्या आणि दहा वर्षांच्या आतच या रोगाची पहिली खबर कारखानदारांकडे गेली, ती भारत सरकारकडून. आपल्याकडील उष्ण आणि दमट हवेत साठविलेल्या फितींनी ती सर्वांआधी दिली. हा इतिहास मी त्या गृहस्थांना मुद्दाम कळविला, कारण या विद्येची निकड आपल्या हवामानात इतरांहून अधिक आहे.

नाकाला वास येण्याच्या आधी रोग ओळखणे हेच या पेशाचे खरे काम. त्यासाठी रंग बदलणारी कागदी पट्टी फितीच्या डब्यात ठेवतात. ती निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सावध व्हावे, पिवळी झाली तर विलंब परवडत नाही. अवरक्त किरणांच्या यंत्राने कणभरही न कापता द्रव्याची जात कळते, आणि जात कळल्यावाचून उपचार ठरत नाही: पीव्हीसी मऊ राहावे म्हणून मिसळलेला तैलद्रव पृष्ठावर येऊन वस्तू चिकट होते, तर पॉलियुरेथेनचा स्पंज बोट लागताच भुगा होतो. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात नील आर्मस्ट्राँग यांचा चंद्रावरील पोशाख आहे. त्याच्या आतील रबर आणि नळ्या काळाच्या ओघात बिघडू लागल्या, म्हणून त्याची दीर्घ तपासणी करून २०१९च्या जुलैत तो पुन्हा प्रदर्शनात मांडला गेला. चंद्रावर जाऊन आलेले वस्त्र कपाटात उभ्या उभ्या जीर्ण होते, ही गोष्ट मला नेहमीच अस्वस्थ करते.

आता उपजीविकेविषयी. संग्रहालयांतील कायम हुद्दे थोडे असतात, जाहिराती क्वचित निघतात, आणि बरेचसे काम ठरावीक मुदतीच्या करारावर चालते. पालकांपासून हे लपविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. रसायनशास्त्राच्या पदवीनंतर दिल्लीनजीक नोएडा येथील भारतीय वारसा संस्थेत संवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते, लखनौ येथे सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे, आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशन चित्रपटांच्या जतनाच्या कार्यशाळा भरविते. शिवाय अवरक्त यंत्र व वायूंचे पृथक्करण ज्याला जमते त्याला पॉलिमरचे कारखाने आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळाही विचारतात, तेव्हा ही वाट पुढे बंद झाली तरी शिकलेले वाया जात नाही. परंतु ज्या मुलास रोजची नोंद लिहिण्याचा कंटाळा येतो, त्याने या वाटेस जाऊ नये. येथे वर्षामागून वर्षे त्याच वस्तूचे वजन, रंग आणि तडे टिपावे लागतात, व त्या दफ्तरावाचून यंत्राच्या आकड्याला अर्थ येत नाही.

म्हणून कन्येला आधी घरातच एक काम द्यावे, असे मी लिहिले: पणजीच्या वेळची एखादी फणी किंवा बाहुली शोधून, एकाच खिडकीच्या उजेडात दर तीन महिन्यांनी तिचे छायाचित्र घ्यावे, सोनाराच्या काट्यावर तिचे वजन करून घ्यावे आणि दिसेल ते वहीत उतरवावे.

या दिवाळीनंतर तिचे स्वतःचेच पत्र आले. फणेरपेटीत एक पिवळट फणी सापडली होती, आणि पेटीच्या पितळी बिजागरीवर फणीच्या बाजूनेच हिरवा थर चढला होता, तिच्या पलीकडच्या बाजूने मुळीच नव्हता. यावरून फणी कोणत्या द्रव्याची असावी हे तिने नेमके लिहिले होते. आणि मला विचारण्यापूर्वीच तिने ती कागदी खोक्यात, झाकण किंचित उघडे ठेवून, माजघरातील सर्वांत थंड कोनाड्यात हलविली होती.