मदत वेळेवर हवी

मुलांनो, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर अशा गावांतील दगडमातीची जड घरे कोसळली. हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली दबून मरण पावली.

पुढे घरे दुरुस्त करण्यासाठी सरकारने हप्त्याहप्त्याने अनुदान दिले. पण ही योजना घरोघरी कोण समजावणार? हे काम शेकडो गावांतील महिला मंडळांनी केले. या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणत. गावात निराधार कोण, कोणाला कागद वाचता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या स्त्रिया तिकडेही मदतीला गेल्या.

अशा लहान संस्थांजवळ माणसे असतात, माहिती असते. पैसा मात्र नसतो. संकटात वर्गणी गोळा करायला वेळ मिळत नाही. त्यांना ताबडतोब थोडेसे अनुदान मिळाले, तर ताडपत्री, औषधे आणि गाडीभाडे यांची सोय होते. त्यांनीही प्रत्येक रुपयाचा हिशेब गावासमोर ठेवला पाहिजे.

तुमच्या मोहल्ल्यात असे मंडळ आहे का? त्याची माहिती मिळवा.