लाल टोपण

अकोला

चि. समीर,


तुला इन्सुलिन सुरू झालं, हे तुझ्या आईनं फोनवर रडत रडत सांगितलं. मी अकरा वर्षं टोचून घेतेय आणि आत्ताच मेतकूट-भात जेवून पत्र लिहायला बसलेय, हे तिला वाचून दाखव.

काय खायचं ते मी सांगत नाही. ते सांगायला अख्खं गाव टपून बसलंय. कुणी कारल्याचा रस आणेल, कुणी म्हणेल साखर सोड, गूळ चालतो. गुळानंही रक्तातली साखर चढतेच, एवढं म्हणून मोकळा हो.

माझी फजिती मात्र ऐक. एकदा नेहमीच्या सिरिंज संपल्या, दुकानातल्या पोरानं दुसऱ्या दिल्या, मी न बघता घेतल्या. तीन आठवडे साखर काही उतरेना. मे महिना होता. सगळ्यांनी आंब्यावर खापर फोडलं आणि चोरून खाल्लेल्या दोन फोडी आठवून मीही गप्प बसले. डॉक्टर डोस वाढवायला निघाले, तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "सिरिंज दाखवा बघू."

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीलिटरला 40 युनिटचं. त्याची सिरिंज 40ची, लाल टोपणाची. माझ्या पिशवीत होती 100ची, नारिंगी टोपणाची. (साठीनंतर लाल नि नारिंगी काय वेगळं दिसणार!) तिच्यावरच्या 20च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जातात आठच युनिट. उलटी चूक तर जिवावरची. पेनमधलं इन्सुलिन बहुधा 100चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजनं 20च्या रेघेपर्यंत ओढलंस तर 50 युनिट टोचले जातील. बत्तीस वर्षं पोरांना त्रैराशिक शिकवलं मी, आणि हातातल्या सिरिंजवरचा आकडा वाचला नाही.

म्हणून डॉक्टरांनी "समजलं ना?" विचारलं की आपल्या घराण्यासारखी नुसती मान डोलावू नकोस. किती, कधी, जेवणाआधी किती वेळ, हे त्यांनाच म्हणून दाखव. एचबीएवनसी म्हणजे काय तेही विचार. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर त्यात मोजतात. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून ती फसत नाही. तुझे काका दरवेळी करायचे.

खिशात साखरेची पुडी ठेव. घाम फुटला, हात थरथरले तर तपास. 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. मशीन जवळ नसेल तर न तपासताच घे. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते.

पत्र मिळालं की फोन कर आणि बाटलीवरचा नि सिरिंजवरचा आकडा मला वाचून दाखव. आठवून नको सांगू, दोन्ही हातात घेऊन वाच.

तुझी,
आत्या