कृष्णेच्या वाळूत सोनं शोधताना

कृष्णेच्या वाळूत सोनं नाही. तरीही साताऱ्याहून माझ्या माहेरी, विट्याकडे गाडीने जाताना आम्ही वाटेत थांबतो, मुलांच्या हाती परात देतो आणि वाळू धुवायला लावतो. आमचं घर गलाईवाल्यांचं. जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्यात माझ्या वडिलांची, आप्पांची, उमेदीची सारी वर्षं दक्षिणेत गेली. त्यामुळे सोनं धुऊन काढणं हा आमच्यासाठी व्हिडिओत बघायचा परदेशी खेळ नाही, घरचा धंदा आहे. सुट्ट्यांमध्ये मुलांसोबत हे करता करता जे कळत गेलं ते असं.

१. सोनं मिळणार नाही, हे निघतानाच सांगून टाका.
मुलं हिरमुसत नाहीत. ती लगेच "का नाही?" विचारतात आणि प्रवासभर बोलायला विषय मिळतो. सातारा-सांगलीखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या, अकीक, झिओलाइट सापडतात; परातीत धुऊन काढावं असं सोनं नाही. ते आहे याहून कितीतरी जुन्या खडकांत, कर्नाटकात. कोलारची खाण २००१ साली बंद झाली, रायचूर जिल्ह्यातली हट्टीची चालू आहे. भाच्याने मोबाइलवर नकाशा उघडून मला अडवलं होतं, "आत्या, हट्टी तर कृष्णेपासून लांब नाही. मग आपल्याकडं का नाही?" खरंच आहे, हट्टी कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधल्या दुआबात येते. पण महाबळेश्वरची कृष्णा आधी वाई, सातारा, कराड, सांगली करते आणि मग तिकडे पोचते. खालचं सोनं वर कसं येणार? शाळेच्या भूगोलात नदीचा प्रवास पाठ केलेल्या पोराला तो त्या दिवशी समजला.

२. वाळू कुठूनही उचलू नका.
पाण्याचा जोर जिथे मोडतो तिथे जड कण बसतात. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, खडकाच्या चिरेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर उभं राहून पाणी कुठे धावतं आणि कुठे रेंगाळतं, हे आधी नुसतं बघायला लावा. मग चिरेतली मूठभर वाळू चमच्याने खरवडून घ्या. पसाभर वरवरच्या वाळूपेक्षा ती बरी.

३. नदीच्या पाण्यात बसून धुऊ नका.
हे मी फार कळकळीने सांगते. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात माणसांवर हल्ले झाले आहेत. शिवाय कोयनेतून पाणी सोडलं की कराडच्या पुढे पात्र बघता बघता भरतं. म्हणून मोठ्या माणसाने गावकऱ्यांना विचारून, राबत्या घाटावरून बादलीभर पाणी आणायचं आणि काठापासून लांब, झाडाखाली टबात धुवायचं. कराडच्या पुढे आम्ही तेही करत नाही. तिथे नदी पुलावरून बघायची.

४. हाताला घाई नको.
उतरत्या कडांची प्लास्टिकची पाटी घ्या, गडद रंगाची. ती आधी साबणाने घासा, कारण तेलकट पाटीत बारीक सोनं पाण्यावर तरंगून निघून जातं. वाळू पाण्यात बुडवून आडवी हलवायची, म्हणजे जड ते तळाला जातं. मग पाटी पुढे कलती करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर सोडायची. परत हलवायची, परत सोडायची. सगळा खेळ वजनाचा आहे. साधी पांढरी वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, आपल्याकडची काळी लोहयुक्त रेती पाच पट, सोनं १९.३ पट. मुलं सुरुवातीला गरागरा फिरवतात. आप्पा शेजारी बसून एवढंच म्हणतात, "पाण्याला काम करू दे, बाळा." शेवटी तळाशी काळ्या रेतीची चंद्रकोर उरते. चुंबक पिशवीत गुंडाळून तिच्यावर फिरवा. रेती ताठ उभी राहून पिशवीला चिकटते. चुंबक बाहेर काढला की सगळी गळून पडते. पाटी लोखंडी असेल तर हे जमत नाही.

५. हात बसला की नाही, ते पितळेच्या किसावर तपासा.
लेथच्या कारखान्यातून चिमूटभर पितळेचा कीस आणा. मोजून दहा तुकडे वाळूत मिसळा, धुवा आणि परत मोजा. पितळ सोन्याच्या निम्म्याहून हलकं, त्यामुळे ते ज्याच्या हातून सुटत नाही त्याच्या हातून सोनंही सुटणार नाही.

६. वाळू तिथेच ठेवा.
वाळू हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय न्यायची नसते. पोरांना काळी रेती बाटलीत हवी असते. आम्ही फोटो काढून ती परत ओततो.

७. खरी सोन्याची माती सराफ कट्ट्यावर असते.
सांगलीत गाडगीळांची पेढी १८३२ पासूनची. अशा सराफ बाजारात दागिना घासताना, कापताना उडालेले कण केरात जातात, गटारात जातात. झारेकरी तो केर आणि गाळ गोळा करून घमेल्यात धुतात. हालचाल तीच, जी मुलांनी माहुलीला केली. पूर्व विदर्भाकडे सोनझारी समाजाचे लोक नदीच्या वाळूतून सोनं काढत आले. पहाटे ब्रश घेऊन बसलेल्या झारेकऱ्याला माझ्या मुलीने ओळखलं, आणि त्यांनी पाटी कलती कशी धरायची ते तिला दाखवलं. अंगठा कडेच्या आत ठेवायचा नाही, नाहीतर कण त्याच्यामागे अडकतो. आप्पांनीही हे कधी सांगितलं नव्हतं. या माणसांकडे बघताना लोक नाक मुरडतात, त्याचा मला राग येतो. इतक्या सफाईचं काम रोज करणारे हात थोडे आहेत.

८. गलाई दाखवा, पण लांबून.
खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव, इकडे खटाव-माण, हा सगळा दुष्काळी पट्टा. शेती पिकेना म्हणून इथली माणसं देशभरच्या सराफ पेठांत गेली आणि गलाईत नाव कमावलं. विट्याच्या आसपास कुठल्याही वाडीत विचारा, कोणी केरळात, कोणी तमिळनाडूत, कोणी बंगालमध्ये. आप्पांनी मुलांना समजावलेली रीत अशी: सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात आणखी चांदी घालायची, एक भाग सोन्याला तीन भाग. नाहीतर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. तेजाबात चांदी-तांबं विरघळतं आणि तळाला उरतं ते पिवळं नसतंच, तपकिरी भुकटी असते. मुलांना वाटलं आजोबा थट्टा करताहेत. ती भुकटी धुऊन सवागी टाकून मुशीत वितळली की सोन्याचा रंग येतो. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी राखाडी कापसासारखी खाली बसते. तेजाबाचा नारिंगी धूर मात्र फुप्फुसं खातो. भट्टी चालू असताना मुलांना दारात नेऊ नका. थंड मूस हातात द्या, तेवढं पुरे.

९. वाटेतला कालवाही दाखवा.
कराडहून विट्याला येताना टेंभू योजनेचं पाणी दिसतं. कराडजवळ उचललेली कृष्णा घाटमाथ्यावर चढवली आहे. हे पाणी आप्पांच्या तरुणपणी असतं तर कितीजण गाव सोडून गेले असते, हा प्रश्न मुलांनीच विचारला. आप्पा म्हणाले, "निम्मे तरी राहिले असते." पुढे बराच वेळ ते त्या निम्म्यांची नावं आठवून सांगत होते.

१०. म्हाताऱ्यांना आत्ताच विचारा.
१६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग सक्तीचं होत गेलं. आता कस मशीन सांगतं. कसोटीवर रेघ ओढून, तेजाबाचा थेंब टाकून नुसत्या रंगावरून कस ओळखणारी पिढी सत्तरीच्या पुढे आहे. आमची पोरं वहीत प्रत्येकाचं गाव, गेलेलं शहर आणि उस्तादाचं नाव लिहून घेतात. काम कोणाकडे शिकलात, हे विचारल्यावर सगळे सविस्तर बोलतात. ही मंडळी गावच्या यात्रेला आणि दसऱ्याच्या पालखी शर्यतीला विट्यात असतात. एरवी मुलांकडे, परराज्यात. आधी फोन करून जा, आणि सकाळी जा, दुपारी झोपतात.